मागच्या बोळातली मुलगी

टिळकवाडी, बेळगाव
रविवार

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ऱ्हस्व-दीर्घ अजून तसंच आहे, पण मजकूर वाचल्यावर लाल पेन खाली ठेवलं.

परवा शहापूरला आले होते, तेव्हा मुद्दाम तुमच्या गल्लीतून चालत गेले. रस्ता रुंदीकरणासाठी भिंतीवर मारलेली लाल खूण बघितली. आतल्या दिशेनं बाण आणि खाली आकडा. तुझी आई त्या खुणेखालीच रांगोळी घालत होती. म्हणाली, "बाई, हे पुसत न्हाई ओ. रॉकेलनं पण बघितलं." आत माग चालूच होते. खूण आत कुठवर येते ते मी पावलांनी मोजलं. पहिले दोन माग जातात, तिसऱ्याचं बीम अर्ध्यावर येतं. चौथा वाचतो, पण एका मागावर घर चालत नाही, हे तुला मी काय सांगू?

आणि जिच्यासाठी तू चार पानं लिहिलीस, तिचं घर नेमकं तुमच्या मागच्या बोळात. रुंदीकरण झालं की तुमच्या घराचा उरणारा तुकडा इतका अरुंद असेल, की त्यावर नव्यानं बांधायला परवाना मिळणं अवघड. मग तो विकायचा, आणि घेणार कोण, तर मागच्या घरवाला. तेवढा तुकडा हाती आला की बोळातलं घर थेट रस्त्यावर येतं, खाली गाळे, वर फ्लॅट. तिच्या वडिलांनी रुंदीकरणाच्या बाजूनं सह्या गोळा केल्या त्या उगीच नाहीत. पण त्यांना कंस ठरवू नकोस. त्यांच्या बोळात अॅम्ब्युलन्स शिरत नाही, हेही खरंच आहे. २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत आपलं गाव आलं, तेव्हापासून रस्ता मोठा हवा म्हणणारा शहाणा आणि नको म्हणणारा अडाणी, असंच झालंय. तुझ्या बापाला अडाणी म्हटलेलं तुला झोंबतं, तसं तिच्या बापाला लोभी म्हटलेलं तिला झोंबत असणार.

आता तुझा प्रश्न. मंगळवारी मोजणी होणार, हे ती बोलता बोलता तुला बोलून गेली. उरलेल्या तुकड्यांना वडील काय भाव देणार आहेत, तेही. हे रुंदीकरणाविरुद्धच्या तुमच्या गल्लीच्या कमिटीला सांगू का, असं विचारतोस.

मीही एकदा असंच ऐकलेलं घरी सांगितलं होतं. ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. आमच्या जुन्या घराचा सोपा, म्हणजे पुढची ओसरी, पाडायचा होता, आणि काम ज्या कंत्राटदाराकडं होतं त्याच्या मुलाशी मी लग्न करणार होते. कपिलेश्वराच्या तळ्याच्या पायऱ्यांवर बसून त्यानं सांगितलं, गुरुवारी पहाटे माणसं येणार. मी घरी येऊन भावाला सांगितलं. भावानं बुधवारी स्टे आणला. सोपा आणखी सात वर्षं उभा राहिला. नंतर त्या मुलानं मला एवढंच विचारलं, "आधी मला सांगितलं असतंस, तर मी तुला अडवलं असतं का?" मला उत्तर देता आलं नाही. आम्ही दोघंही याच गावात म्हातारे झालो. गणपत गल्लीत भेटतो, तब्येत विचारतो, पुढं जातो.

स्टे आणल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. त्याच्या पाठीमागं आणला, त्याचा आहे.

म्हणून मोजणीची तारीख सांग. ती गल्लीची गोष्ट आहे, ती कळायचा हक्क गल्लीला आहे. पण सांगायच्या आधी तिला तोंडावर म्हण, "हे मी कमिटीत सांगणार आहे." चिडेल. कदाचित पुढं काहीच सांगणार नाही. चालेल, तुला कमी कळेल एवढंच. भाव मात्र सांगू नकोस. तो त्यांच्या स्वयंपाकघरात बोलला गेलाय, तो तिथंच राहू दे.

तुमच्या दोघांबद्दलही कमिटीला तूच सांग. तिसऱ्याच्या तोंडून कळलं तर फितूर ठरशील, आणि तुझ्याबरोबर तीही. कमिटी सोडतो असं लिहिलंयस, ते तर मुळीच करू नकोस. वर्षभरानं रिकामी मागाची जागा बघशील आणि राग तिच्यावर काढशील.

आणखी एक. महापालिकेची नोटीस कन्नडमध्ये आली, ती तिनं तुझ्या आईला मराठीत वाचून दाखवली, हे वाचून मला बरं वाटलं आणि भीतीही वाटली. एरवी १ नोव्हेंबरला, कुणाचा राज्योत्सव तर कुणाचा काळा दिन म्हणून, एकमेकांची तोंडं न बघणारी माणसं तुमच्या कमिटीत एका सतरंजीवर बसतात. त्यातलाच कुणी उद्या म्हणेल, पोरीनं मुद्दाम चुकीचं वाचलं. नोटीस वकिलाकडून वाचून घे. तिच्यावर अविश्वास म्हणून नव्हे. तिच्या वाट्याला हे ओझं येऊ नये म्हणून.

नोटीस कुठल्या कायद्याखाली आहे, तेही वकिलाला आधी विचार. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली असेल तर प्राथमिक अधिसूचनेपासून ६० दिवसांत लेखी हरकत घेता येते. पोचपावती घेतल्याशिवाय कागद देऊ नकोस. त्या कायद्यात बाधित म्हणजे फक्त घरमालक नव्हे. आधीची तीन वर्षं ज्यांचं पोट त्या जागेवर चाललं, ते भाडेकरू आणि कारागीरही त्यात येतात. तुमच्या मागावर दोघे कामाला येतात ना? त्यांची नावं हरकतीत दिसली नाहीत तर मला वाईट वाटेल. पैशाऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडं जादा बांधकाम करायचा विकता येणारा हक्क, देतो म्हणाले, तर लगेच मान डोलावू नकोस. मोठ्या बिल्डरला तो कागद पैशासारखा, विणकराला तो विकायला गिऱ्हाईक शोधावं लागतं.

शनिवारी संध्याकाळी ये. सिटी सर्व्हेचा उतारा आण, आणि ती येत असेल तर तिलाही आण. मी काही तिची परीक्षा घेणार नाही.

आईला सांग, ती खूण टर्पेंटाइननंही जात नाही. मी करून बघितलंय.

तुझ्या
बाई