ऑटिझम आहे आणि पहिली नोकरी लागलीये? आधी एवढंच कर

अभिनंदन रे! मी पण ऑटिस्टिक, पुण्यात टेस्टिंगमध्ये अकरा वर्षं झाली. सुरुवातीला मोजक्याच गोष्टी सांगते, बाकीचं सावकाश.

१. तोंडी काम आलं की लगेच मेल टाक, "मला असं समजलंय, बरोबर ना? कधीपर्यंत हवंय?" मला सरांनी "ती फाईल जरा बघून घे" म्हटलं, मी बघितली, बंद केली, आणि संध्याकाळी ओरडा बसला कारण त्यांना ती दुरुस्त करून हवी होती. रडले होते तेव्हा. पण सूचनाच अर्धवट होती, हे तू आधीच लक्षात ठेव.

२. "मला त्रास होतो" एवढंच सांगून काही होत नाही. नेमकं माग: ट्यूबलाईटखालची जागा बदलून द्या, हेडफोन चालतील का, मीटिंगचे मुद्दे आदल्या दिवशी मिळतील का.

३. सगळ्यात मोठी चूक म्हणजे दिवसभर सगळ्यांसारखं दिसायची धडपड, मग घरी आल्यावर आईशीही बोलायचं त्राण उरत नाही. जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं एकटा बस, जिन्यात का होईना.

निदानाबद्दल पहिल्याच दिवशी सगळ्या टीमला सांगायची घाई नको, आधी मॅनेजर कसा आहे ते बघ. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, त्यामुळे यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसशील तर अर्ज करून ठेव, आणि एचआरकडे समान संधी धोरण माग, म्हणजे दिव्यांग कर्मचाऱ्यांना कंपनी काय सोयी देणार ते लिहिलेला कागद, तो खासगी कंपनीलाही ठेवावा लागतो.

पहिला आठवडा झाला की कळव, मी वाट बघतेय.