गणितात टी.वाय.बी.एस्सी. करतोय, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी मिळेल का? की आता एम.सी.ए.च करावं लागेल? सध्या विचार असा आहे, की आधी पदवी होऊ दे, कोडिंगचं नंतर बघू.

मिळते. मी गणितात एम.एस्सी. करून पुण्यातच कॅड (संगणकावर वस्तूंचे आराखडे काढायच्या) सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, अधूनमधून मुलाखतीही घेतो. पण 'आधी पदवी होऊ दे, कोडिंगचं नंतर बघू' असं जे तुम्ही लिहिलंय, ते आजच डोक्यातून काढा.

कॅम्पसला येणाऱ्या मोठ्या कंपन्यांची पहिली चाळणी बहुतेकदा बी.ई. आणि एम.सी.ए. अशीच असते. विप्रोचा 'विल्प' (नोकरीसोबत शिक्षणाचा कार्यक्रम) आणि टीसीएसची बी.एस्सी.-बी.सी.ए.साठीची वेगळी भरती यांत गणितवाल्यांना घेतात. पगार इंजिनिअरपेक्षा कमी. विल्पमध्ये नोकरी करता करता एम.टेक. होतं, पण करार काही वर्षांचा असतो, सही करण्याआधी नीट वाचा. सी-डॅक या सरकारी संस्थेचा पीजी-डॅक हा कॉम्प्युटिंगचा पदव्युत्तर डिप्लोमा नुसत्या बी.एस्सी. गणितावर मिळत नाही, एम.एस्सी. लागतं. एम.सी.ए. आता दोनच वर्षांचं आहे. सीईटी देऊन चांगलं कॉलेज मिळालं तर करा, नाहीतर कुठेतरी फी भरून फक्त शिक्का मिळवण्यात अर्थ नाही.

आता मूळ मुद्दा. पुणं गाड्यांचं शहर, म्हणून इथे डसॉल्ट, सीमेन्स, पीटीसी, ऑटोडेस्क या कॅड सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांची डेव्हलपमेंट चालते. या कामात गणित रोज लागतं. रिअल अ‍ॅनालिसिसमध्ये वायरस्ट्रासचं प्रमेय येतं ना, बंद अंतरावरच्या कुठल्याही सतत फलनाच्या हव्या तितक्या जवळ जाणारी बहुपदी मिळते, हे सांगणारं? बर्नस्टाइननं १९१२ साली ज्या बहुपदी घेऊन ते सिद्ध केलं, त्यांच्यावरच आज कॅडमध्ये वापरतात ते बेझिए वक्र उभे आहेत. सित्रोएन आणि रेनो या फ्रेंच कार कंपन्यांत अनुक्रमे द कास्तेल्झो आणि बेझिए यांना गाडीच्या पत्र्याचा बाक आकड्यांत पकडायचा होता, त्यातून ते आले. तोच पत्रा धडकेत कुठे वाकेल हे काढायला लाखो अज्ञातांची समीकरणं सोडवावी लागतात. त्या समीकरणांच्या मॅट्रिक्समध्ये बहुतेक शून्यंच असतात आणि तिचा इन्व्हर्स कोणी काढत बसत नाही. मग काय करतात, हे माहीत असलेला माणूस आम्हाला हवा असतो.

मुलाखतीत मी एक साधा प्रश्न विचारतो: दोन रेषाखंड एकमेकांना छेदतात का, हे सांगणारं फंक्शन लिहा. सूत्र गणितवाल्यांना पटकन येतं. मग मी विचारतो, रेषा जवळजवळ समांतर असल्या तर? इथे बरेच जण अडतात, कारण कागदावर शून्य म्हणजे शून्य, आणि संगणकात ०.१ अधिक ०.२ नेमके ०.३ होत नाहीत. किती फरक चालवून घ्यायचा आणि का, यावर जो दहा मिनिटं बोलू शकतो त्याची पदवी कुठली आहे हे मी पुन्हा बघत नाही. (एच.आर. बघतं, तो भाग वेगळा.)

त्यामुळे पर्यायी विषय निवडता येत असतील तर न्यूमेरिकल अ‍ॅनालिसिस घ्या, आणि लिनिअर अल्जिब्रा परीक्षेपुरतं करू नका. सी++ शिका. वक्र काढणारा, छेदबिंदू शोधणारा छोटा प्रोग्राम लिहून गिटहबवर (कोड सगळ्यांना दाखवता येतो ती साइट) टाका. भूमितीत रस नसेल तर खराडीकडच्या बँकांच्या ऑफिसांत रिस्कचं, म्हणजे पैशातला धोका मोजण्याचं काम असतं, तिथे प्रोबॅबिलिटी आणि पायथन लागतं. 'शंभर टक्के प्लेसमेंट'वाल्या डेटा सायन्स क्लासांत शिकवतात त्यातलं बरंचसं स्टॅटिस्टिक्स तुम्हाला आधीच येत असेल.

एम.सी.ए.ऐवजी पुणे विद्यापीठाच्या गणित विभागातला इंडस्ट्रियल मॅथेमॅटिक्स आणि कॉम्प्युटर अ‍ॅप्लिकेशन्सचा एम.एस्सी. कोर्सही बघा. मागच्या बॅचची मुलं कुठे लागली, हे मात्र विभागात जाऊन, तिथल्या मुलांना गाठूनच विचारा.