उरलंसुरलं आता दुसरं कुणी संपवू दे

“मावशी, माझं वय ४१, उंची १५८ सेंमी, वजन १०६ किलो. सहा वर्षांपासून शुगर आहे, गुडघे दुखतात. डाएट, जिम, काढे, सगळं करून झालं. आता पुढच्या महिन्यात वजन कमी करायचं ऑपरेशन ठरलंय. मिस्टर खूप सपोर्टिव्ह आहेत, ॲडव्हान्सही त्यांनीच भरला. सासूबाईंची हरकत नाही. घरात सात माणसं, स्वयंपाक माझ्याकडे. खरं तर मी फार खात नाही. सगळ्यांचं झालं की उरलंसुरलं संपवते, अन्न टाकवत नाही. स्लीव्ह करू की बायपास? केस गळतात का? आणि वजन परत वाढतं का?”
– एक वाचक, इचलकरंजी

अगं, तुझे दोन प्रश्न आधी उरकून टाकते, कारण मला बोलायचंय ते वेगळंच आहे.

स्लीव्ह, म्हणजे जठर कापून त्याची बारीक नळी करायची, की बायपास, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडायची, हे तुझे सर्जन ठरवतील. पण रात्री घशाशी आंबट येत असेल तर ते त्यांना सांगितल्याशिवाय उठू नकोस, कारण स्लीव्हनंतर तो त्रास वाढू शकतो. शुगर जुनी असेल तर बरेच सर्जन बायपासकडे झुकतात. मात्र बायपास झाली की गुडघ्यांसाठी दुकानातून आणून घ्यायच्या पेनकिलर बंद, आत जोडलेल्या जागी अल्सर होतो. केस गळतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कंगवा भरून गळतात. पोटात प्रोटीन आणि लोह नीट जात राहिलं तर बहुतेकींचे परत येतात. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे मात्र जन्मभराचं, दरवर्षीच्या रक्ततपासणीसकट. तुझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ४२च्या वर आहे, त्यात शुगर. ऑपरेशनचा निर्णय चुकीचा आहे असं मी अजिबात म्हणणार नाही.

आता ते उरलंसुरलं. जाता जाता लिहिलंस, आणि जरा अभिमानानंच लिहिलंस.

दुपारचे अडीच-तीन झालेत, तू ओट्याशी उभी. धाकट्यानं टाकलेली अर्धी पोळी, तिच्याबरोबर कढईच्या तळाची भाजी. वरणाचं पातेलं पुसून घेतलंस. भात दोन घास राहिला म्हणून त्यावर ताक. मग चहा, चहाबरोबर डब्याच्या तळाचा चिवडा, कारण डबा घासायचाय. आणि वर म्हणतेस, मी फार खात नाही! बाई गं, तुझं ताटच वाढलं जात नाही, तर किती खाल्लंस हे तुला कळणार कसं?

स्लीव्हमध्ये जठराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग कापून काढतात. तो परत बसवता येत नाही. सुरुवातीला उरते ती १०० ते १५० मिलीची नळी. तिच्यात दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन बसवायचं. एका अंड्यात सहा ग्रॅम, वाटीभर वरणात साधारण तितकंच. म्हणजे दिवसातून पाच-सहा वेळा, वेळेवर, आधी डाळ-उसळ-पनीर-अंडं आणि जागा राहिली तर पोळी. प्रत्येक घास चावून, वीस-पंचवीस मिनिटं बसून. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. उभ्या उभ्या घाईनं गिळलेला पोळीचा तुकडा तिथे अडकतो आणि उलटी होते. उलट्या थांबेनात तर ‘बघू दोन दिवस’ म्हणून घरी बसायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं. बी-१ कमी पडलं की काही आठवड्यांत नसांना आणि मेंदूला इजा होऊ शकते.

वजन परत वाढतं का, विचारलंस. वाढू शकतं, आणि ते बऱ्याचदा अशा चरण्यानं वाढतं. त्या नळीत एकदम फार मावत नाही, पण दिवसभर घास-घास जाणारं काहीच अडत नाही. चिवडा, गोड चहा, मऊ भात सगळं सरकतं.

आणि तुझे सपोर्टिव्ह मिस्टर. लाखांचा खर्च करायला तयार आहेत, चांगलं आहे. पण इतक्या वर्षांत ‘तुझं ताट कुठाय?’ हे त्यांनी एकदा तरी विचारलं का? पत्रात तरी तसं काही दिसलं नाही. सासूबाईंची हरकत नाही म्हणतेस. हरकत कशाला असेल, ऑपरेशननंतर त्यांच्या जेवणाची वेळ थोडीच बदलणार आहे? बदलणार ती तुझी. त्यात ऑपरेशनआधी लिव्हर आकसावं म्हणून बहुतेक ठिकाणी दोन आठवडे कमी कॅलरीचा, बराचसा पातळ आहार देतात. त्या पंधरवड्यात सात जणांच्या पोळ्या तूच लाटणार आणि उरलेल्या समोर बघत उभी राहणार का?

तेव्हा तू एवढंच कर. उद्यापासून दुपारी आणि रात्री पहिल्या पंगतीला तुझं ताट. तू वाढून घेतलेलं, तुझ्या मापाचं. त्या अर्ध्या तासात कुणाला गरम पोळी हवी असेल तर त्यानं उठून घ्यावी. बाकीच्यांच्या ताटातला एक घासही तुझ्या तोंडात जाणार नाही. उरलं तर फ्रिजमध्ये, आणि ते संध्याकाळी ज्यानं टाकलं त्याच्या पानात. पहिल्या दिवशी घरात कुरकुर होईल, होऊ दे. टाकवत नसेल तर कमी शिजव, पण स्वतःच्या पोटाचा डबा करणं बंद. आणि मला लिहिलंस ते उरल्यासुरल्याचं आहारतज्ज्ञ बाईंना जसंच्या तसं सांग. ‘मी फार खात नाही’ हे त्यांना ऐकवू नकोस.

असे सलग तीन आठवडे गेले तर खुशाल ॲडमिट हो. नाही जमलं, कुणी जमू दिलं नाही, तर हॉस्पिटलला फोन करून तारीख पुढे ढकल. ॲडव्हान्सचं काय करायचं ते मिस्टर बघतील.