निषेध म्हणून कर भरायचा नाही असं ठरवलं, तर त्याने काही साधतं का?

एकट्याने केलंत तर फारसं नाही. कायद्याच्या लेखी तो निषेध नसतो, निव्वळ थकबाकी असते: आधी नोटीस, मग व्याज-दंड, मग बँक खात्यावर टाच. अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो १८४६ मध्ये कर नाकारून तुरुंगात गेला, पण कुणीतरी तो परस्पर भरून टाकला आणि दुसऱ्याच दिवशी त्याला बाहेर यावं लागलं!

गावच्या गाव उठलं की चित्र बदलतं. १९२८ साली बारडोलीत शेतसारा २२ टक्क्यांनी वाढवला होता. वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली लोकांनी तो भरायचंच नाकारलं. सरकारने जमिनी आणि गुरंढोरं जप्त केली, पण लिलावाला गिऱ्हाईक मिळेना. जे बोली लावतील त्यांच्यावर बहिष्कार ठरलेला. शेवटी चौकशी झाली आणि वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली. माझ्या मते खरी मेख लिलाव पाडण्यात होती. तिथे मागणीही एकाच कराबद्दल होती, हेही महत्त्वाचं. ब्रिटनमध्ये १९९० च्या पोल टॅक्सचं, म्हणजे माणशी आकारल्या जाणाऱ्या कराचं, तेच झालं. लाखोंनी भरला नाही, वसुली करता करता नगरपालिकांच्या नाकी नऊ आले आणि १९९३ मध्ये तो गेला.

आज पगारदारांची अडचण वेगळीच आहे. कर पगारातूनच कापला जातो, नाकारायला हातात उरतंच काय? म्हणून व्हिएतनाम युद्धाच्या काळात काही अमेरिकनांनी फोनबिलातला तेवढा कर वगळून बाकीचं बिल भरलं.

करायचंच असेल तर आधी वकिलाला गाठा. उत्पन्न लपवू नका, विवरणपत्र वेळेवर भरा. लपवलंत तर ती सरळ करचुकवेगिरी.