स्कूटीचं स्टँड

“मॅडम, मी त्याच्यावर ओरडते आणि रात्री तो झोपला की त्याच्या उशाशी बसून रडते. मी वाईट आई आहे का?”

नाशिकमधल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्यांदा विचारला गेलाय की आता मी पाण्याचा ग्लास आधीच भरून ठेवते. निफाड-पिंपळगावकडचे बापही येतात. द्राक्षं काढणीला आलेली आणि आभाळ भरून आलं की राग पोरांवर निघतो. ते रडत नाहीत, खाली बघत बसतात, एवढाच फरक.

ही आई सिडकोतली. नोकरी कॉलेज रोडला, नवरा अंबडच्या कंपनीत, पाळ्या दर आठवड्याला बदलणाऱ्या. मुलगा सहावीत. “याला समजवा, अभ्यासच करत नाही,” म्हणून त्यालाच घेऊन आली होती. आणि मीही पहिल्या दोन भेटी त्याच्या वह्या आणि वेळापत्रकात घालवल्या. इतक्या वर्षांनंतरही अशी चूक होते.

तिसऱ्या भेटीत सहज विचारलं, “संध्याकाळी काय करतोस?”

“टीव्ही बघतो. मग आईच्या स्कूटीचा आवाज ऐकतो.”

“ऐकतोस म्हणजे?”

“स्टँड धाडकन लागलं तर पुस्तक उघडून बसतो. हळू लागलं तर दार उघडायला जातो.”

मी लिहायचं थांबले. अकरा वर्षांचं पोर दुसऱ्या मजल्यावरून आईच्या मनाचा अंदाज घेत होतं, आणि तो बहुतेक बरोबर निघत होता! त्याला विचारून मी हे आईला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “पण मी तर वही बघून चिडते ना?”

“स्टँड लावताना वही कुठे असते?”

तिथे गाठ सुटली. राग वहीच्या आधीच जिना चढत होता.

पुढच्या वेळी तिने, मी सांगितल्याप्रमाणे, वाटेत मनात येणारी वाक्यं एका बिलाच्या पाठीमागे लिहून आणली. ‘अभ्यास झालेलाच असला पाहिजे. ओटा आवरलेलाच हवा. सासूबाईंना बोलायला जागाच नको.’ मी लाल पेनाने प्रत्येक ‘च’भोवती गोल काढला. कागद गोवर आल्यासारखा दिसायला लागला आणि ती पहिल्यांदा हसली. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955च्या सुमारास आपली उपचारपद्धती मांडली, तेव्हापासून ते माणसाच्या मनातल्या या ‘पाहिजेच’शी भांडत राहिले. त्यांना मराठी येत असतं तर एका अक्षरात काम झालं असतं, असं मला नेहमी वाटतं.

“मग काय, अभ्यास नाही झाला तरी चालेल म्हणू?”

“नको. झालेला आवडेल, नाही झाला तर बसून करू, असं म्हणून बघा. राग जाणार नाही, पण तो नुसत्या चिडचिडीवर येईल. चिडचिड जिन्यात संपवता येते.”

म्हणून तिला सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते. गाडी लावल्यावर पाच मिनिटं खालीच थांबा. घरात शिरल्यावर पहिला अर्धा तास अभ्यासाचा विषय नको; आधी दोघांनी काहीतरी खा. रात्री अकराला पेंगणाऱ्या मुलाकडून गणितं सोडवून घेऊ नका. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते, आणि राहिलेल्या गृहपाठाची चिठ्ठी झोपेपेक्षा स्वस्त पडते. ओरडलात तर माफी मागा, पण तीत ‘पण’ नको. ‘मी ओरडले, माझं चुकलं’ एवढंच. ‘पण तूसुद्धा...’ आलं की ती माफी राहत नाही, तक्रार होते.

आणि दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, तर हा केवळ पालकपणाचा ताण समजून अंगावर काढू नका. 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या क्रमांकावर फुकट आणि मराठीत बोलता येतं.

दीड महिन्याने ती एकटीच आली.

“परवा पुन्हा ओरडले, मॅडम.”

“मग?”

“माफी मागितली. ‘पण’ न लावता. तर म्हणतो कसा, ‘आई, आज तू स्टँड हळू लावलंस, म्हणून मी फसलो.’”