एकच फाईल दोन नावांनी लोड होतेय, म्हणून एक्सेप्शन पकडलं जात नाहीये

ऐरोलीवाल्या भावा, तू लिहिलंयस की तुझा पायथन कोड एडिटरमधून चालतो, टर्मिनलमधून मॉड्यूलनॉटफाउंड (इम्पोर्ट करायची फाईल, म्हणजे मॉड्यूल, सापडत नाही), मग सिस डॉट पाथला (पायथन मॉड्यूल्स जिथे शोधतो त्या फोल्डरांची यादी) अपेंड मारून आपलं फोल्डर जोडलं तर चाललं पण आता स्वतःचंच एक्सेप्शन (कोडने फेकलेली एरर) ती पकडणाऱ्या एक्सेप्टमध्ये सापडत नाही... हे सगळं मी महापेतल्या एका कंपनीत भोगलंय. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रोजेक्टपुरतं वेगळं ठेवलेलं पायथन) वगैरे तुला येतच असेल, ते सोडतो.

पायथन लोड झालेली मॉड्यूल्स नावाने लक्षात ठेवतो, फाईल कुठे आहे त्यावरून नाही. एका ठिकाणी नुसतं 'एरर्स' इम्पोर्ट केलं आणि दुसरीकडे 'बिलिंग डॉट एरर्स' (समज, बिलिंग फोल्डरातली तीच एरर्स फाईल, पूर्ण नावाने), की तीच फाईल दोनदा चालते आणि दोन वेगळे क्लास तयार होतात. रेज (फेकला) एक होतो, एक्सेप्ट दुसऱ्याची वाट बघत बसतो. खात्री करायची तर तात्पुरतं 'एक्सेप्ट एक्सेप्शन' लिहून सगळंच पकड आणि पकडलेल्या एक्सेप्शनच्या टाइपचं मॉड्यूल प्रिंट करून बघ, म्हणजे क्लास कुठल्या नावाने लोड झालाय ते दिसेल.

त्या कंपनीत (नाव घेत नाही) प्रत्येक फाईलच्या डोक्यावर ती अपेंडची ओळ होती, कारण आयटी डिपार्टमेंट सर्व्हरवर काही इन्स्टॉलच करू देत नसे. आमचाच कोड, आमचंच पॅकेज, तरी फॉर्म भरा, सही आणा, आणि शेवटी कारण न देता तिकीट बंद! मग सेटिंग्जची फाईलसुद्धा दोनदा लोड व्हायची, एका कॉपीत बदललेली व्हॅल्यू दुसरीला कळायचीच नाही, रात्रीचा जॉब जुन्या सेटिंगवर चालायचा आणि सकाळी बोलणी खायची ज्युनियर पोरांनी. अजून राग येतो.

माझं मत विचारशील तर त्या ओळी सगळ्या उडव. एसआरसी फोल्डरात एकच मुख्य पॅकेज (मॉड्यूल्सचं फोल्डर), बाहेर पायप्रोजेक्ट फाईल (पॅकेजची माहिती देणारी), मग 'पिप इन्स्टॉल -ई .' (आपलंच पॅकेज इन्स्टॉल होतं, पण कोड जागेवरच राहतो आणि बदल लगेच लागू होतात) आणि इम्पोर्ट कायम पूर्ण नावाने. पॅकेजच्या फोल्डरातली इनिट फाईल पायथन ३.३ पासून सक्तीची नाही, तरी रिकामी का होईना ठेवच. रन करताना 'पायथन -एम बिलिंग.रिपोर्ट' (मॉड्यूलच्या नावाने चालवणं), थेट फाईल नाही, कारण थेट चालवली की पाथमध्ये सगळ्यात आधी त्या फाईलचंच फोल्डर येतं आणि तिथूनच दोन नावांचा घोळ सुरू होतो. आणि जी फाईल रन करतोस ती 'मेन' नावाने लोड होते, तिच्यातले क्लास दुसरीकडे इम्पोर्ट केलेस तर परत तेच, म्हणून तिच्यात क्लास ठेवूच नको.

अर्थात दोन-तीन फाईलींच्या स्क्रिप्टला एवढं काही लागत नाही, जँगोतही (पायथनचं वेब फ्रेमवर्क) प्रोजेक्ट चालवणारी मॅनेजची फाईल मुळाशीच असल्याने त्रास कमी होतो. जाता जाता, स्वतःच्या फाईलला ईमेल, रँडम, लॉगिंग असली नावं देऊ नकोस, पायथनचीच मॉड्यूल्स झाकली जातात.

आधी ते प्रिंट करून बघ आणि काय येतं ते इथेच टाक, रात्री बघतो.