गोणपाटातले शंभर दाणे

प्रिय डॉक्टर,

तुझा मेल काल रात्री पावणेबाराला आला. मंजुरीपत्राचा फोटो, खाली तीन उद्गारचिन्हं आणि सोबत अकरा पानांचं बजेट. मनापासून अभिनंदन. इस्पितळाच्या स्वतःच्या संशोधन निधीतून पाच लाख रुपये, मुदत दोन वर्षं. स्वतःच्या नावावर आलेला पहिला पैसा म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. माझं ते पत्र अजून कुठल्यातरी फायलीत असेल. दोन दिवस घरच्यांना, मैत्रिणींना पेढे वाट. मग हे वाच, कारण बजेट बघून मी जरा हबकलेच आहे.

दोनशे रुग्ण. प्रत्येकाची तीनदा लाळ, म्हणजे सहाशे नमुने. सहा मार्कर, म्हणजे आजाराची खूण सांगणारे लाळेतले घटक. वर दोन वर्षांचा फॉलो-अप, आणि शेवटी निष्कर्ष काय, तर तोंडाचा कॅन्सर कोणाचा उलटणार हे लाळेवरून सांगता येईल. अगं, हे पाच लाखांत बसत नाही हे तुलाही कळत असणार. तू मोठ्या प्रकल्पाचंच कापड घेऊन त्याचं झबलं शिवलं आहेस.

माझा भाऊ औशाकडे सोयाबीन करतो. घरचंच बियाणं वापरायचं असेल तर पेरणीच्या आधी तो पोत्यातले शंभर दाणे मोजून काढतो, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडतो, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवतो आणि रोज पाणी शिंपडतो. आठवड्याने उलगडून कोंब मोजायचे. सत्तर आले तर बियाणं चांगलं. साठ-पासष्ट आले तर एकरी बियाणं वाढवायचं. चाळीस आले तर ते पोतं पेरणीला काढायचंच नाही. कृषी खातंही दर मे महिन्यात हेच सांगत असतं. ते शंभर दाणे काही पीक देत नाहीत, आणि भावाची तशी अपेक्षाही नसते. तुला मिळाला तसल्या सुरुवातीच्या छोट्या निधीला ‘सीड ग्रँट’ म्हणतात. हा शब्द ऐकला की सगळ्यांना पेरणी आठवते. मला ते गोणपाट आठवतं.

म्हणजे तुझ्या पाच लाखांतून ‘कॅन्सर उलटणार का’ याचं उत्तर येणार नाही. हा अभ्यास आपल्या इथे, आपल्या रुग्णांबरोबर करता येतो का, एवढंच कळेल. ते नीट कळलं तर पुढचे पन्नास लाख मागताना तुझ्या हातात काहीतरी असेल.

आता लाळेकडे येऊ. प्रोटोकॉलमध्ये एक ओळ आहे: ‘शस्त्रक्रियेपूर्वी, तीन महिन्यांनी व सहा महिन्यांनी सकाळी उपाशीपोटी पाच मिली लाळ घेण्यात येईल.’ ती तू कुठल्यातरी परदेशी पेपरातून उचलली असशील. रागावू नकोस, तू माझ्यासारखीच पॅथॉलॉजीची. आपल्याकडे रुग्ण येतो तो फॉर्मॅलिनच्या डबीतून, कापलेल्या तुकड्याच्या रूपात. पण एकदा सकाळी सातला हेड-नेकच्या, म्हणजे डोकं-मानेच्या कॅन्सरच्या वॉर्डात ट्यूब घेऊन उभी राहा. गालाच्या कॅन्सरचा रुग्ण बघ. सुपारी-गुटख्याने गालाची आतली बाजू आखडून तोंड दोन बोटंही उघडत नाही. (राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. इस्पितळाच्या फाटकाबाहेरच्या पुड्यांना कोणीतरी हे सांगायला हवं.) तो ट्यूबमध्ये थुंकणार कसा? थुंकलाच तर त्यात रक्त किती, पू किती?

पलीकडच्या खाटेवर सोलापूरकडच्या मावशी. त्यांना विचार, ‘सकाळपासून काही खाल्लं का?’ ‘नाही गं बाई.’ खरंच सांगतायत. पण उठल्या उठल्या हिरड्यांना मिश्री चोळून झालेली असते. ते त्यांच्या लेखी खाणं नव्हे, तंबाखूही नव्हे, दात घासणं आहे. तुझ्या फॉर्मवर ‘तंबाखू: नाही’ असं लिहिलं जाईल आणि ट्यूबमध्ये मात्र जळक्या तंबाखूची भुकटी असेल. म्हणून प्रश्न ‘उपाशी आहात का’ असा विचारायचा नसतो. चहा झाला का, मिश्री लावली का, चूळ भरली का, असे तीन वेगळे प्रश्न विचारायचे असतात.

तीन महिन्यांनंतरचा नमुना तर मला फार धोक्याचा वाटतो. ऑपरेशननंतर चार-सहा आठवड्यांनी बऱ्याच जणांचं रेडिएशन सुरू होतं, ते सहा आठवडे चालतं. म्हणजे तुझी तारीख येते तेव्हा माणूस नुकताच रेडिएशनमधून बाहेर पडलेला असतो. लाळग्रंथी भाजून निघालेल्या. दोन वाक्यांमध्ये पाण्याचा घोट लागतो त्याला, तो तुला पाच मिली कुठून देणार? आणि समज, अर्ध्या तासात अर्धा मिली चिकट काहीतरी मिळालं आणि त्यात मार्कर दुप्पट दिसला. तो गाठीमुळे वाढला, की लाळच आटल्यामुळे? हा प्रश्न पुढे तुला परीक्षकाने विचारण्याआधी तू स्वतःला विचार.

तेव्हा दोनशे खोड, तिथे चाळीस लिही. तीन वेळा खोड. ऑपरेशनच्या आधी एकदा आणि रेडिएशन संपल्यावर तीन महिन्यांनी एकदा. सहा मार्करांऐवजी दोन. आणि प्रश्न असा: ज्यांना विचारलं त्यांपैकी किती जण तयार झाले, तयार झालेल्यांपैकी किती जणांकडून तपासण्याजोगा नमुना मिळाला, आणि दुसऱ्या वेळी किती जण परत आले. सुरुवात करण्याआधीच कागदावर मर्यादा लिहून ठेव. दोन्ही नमुने सत्तर टक्क्यांकडून मिळाले तर पुढे जायचं, पन्नासच्या खाली आले तर लाळ सोडून रक्ताकडे किंवा गुळण्यांच्या पाण्याकडे वळायचं, मधे आले तर पद्धत सुधारायची. आकडे हातात आल्यावर मर्यादा ठरवायला बसलीस तर ती नेमकी तुझ्या आकड्याच्या एक पायरी खाली बसते. मी बसवलेली आहे, म्हणून सांगते.

मार्कर कमी कर म्हटलं त्यालाही कारण आहे. सहा तपासलेस आणि एकाचाही आजाराशी काडीचा संबंध नसला, तरी त्यातला एखादा निव्वळ योगायोगाने ‘सिग्निफिकंट’, म्हणजे संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरलेला, निघण्याची शक्यता चारात एक आहे. मग तू त्याच्या मागे पाच वर्षं धावशील. चाळीसांपैकी बावीस जण परत आले, तर तू ‘पंचावन्न टक्के’ लिहिशील. खरा आकडा चाळीस ते सत्तर यांच्यात कुठेही असू शकतो. एवढ्या लहान अभ्यासाची तेवढीच ऐपत असते, आणि ती तशीच लिहावी. त्यासाठी स्टॅटिस्टिशियनकडे या आठवड्यात जा. डेटा गोळा करून त्याच्याकडे जाणं म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका दाखवण्यासारखं आहे.

आता पैशाचं. तुझ्या बजेटमध्ये साडेतीन लाखांचं यंत्र आहे. काढून टाक. तसलं यंत्र आपल्याच आवारात कोणाकडे तरी झाकून ठेवलेलं असतं. चहा पाज आणि आठवड्यातला एक दिवस मागून घे. त्याऐवजी माणूस घे. अर्धवेळ सहायक, महिना बारा हजार, पंधरा महिने: १ लाख ८० हजार. रुग्णांच्या परतीच्या फेरीचं भाडं माणशी हजार धरलं तर ४० हजार. नंदुरबारहून किंवा वाशिमहून फक्त तुझ्या ट्यूबसाठी कोणी पदरमोड करून येणार नाही, आणि येऊही नये. ट्यूबा, किट, बर्फ, कुरियर यांना दीड लाख. उरलेल्या १ लाख ३० हजारांना पहिले सहा महिने हात लावू नकोस.

मी काय केलं होतं, ऐक. माझ्या पहिल्या निधीच्या वेळी मी कुठे होते ते राहू दे. मार्चएंड आला, लेखा विभागातून फोनवर फोन, ‘मॅडम, पैसे खर्च करा नाहीतर परत जातील.’ एथिक्स कमिटीची मंजुरी आलेली नव्हती. मी घाईघाईत तीन कोटेशनं मागवली आणि महागड्या अँटिबॉडीज घेऊन टाकल्या. कमिटीच्या शंका, माझी उत्तरं, पुन्हा शंका, यांत वर्ष गेलं. ज्या दिवशी पहिला ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) कापला त्या दिवशी फ्रीज उघडला, तर डबीच्या झाकणावर माझ्याच अक्षरात, निळ्या पेनाने एक्स्पायरीची तारीख लिहिलेली. सात आठवड्यांपूर्वीची. ती डबी बरीच वर्षं माझ्या टेबलावर पेनं ठेवायला होती. तेव्हा आधी एथिक्स, मग ऑर्डर. मार्चएंडला मुदतवाढीचं साधं पत्र लिही; बहुतेकदा मिळते.

त्या प्रकल्पात खर्च झालेला सगळ्यात सार्थकी पैसा म्हणजे एका सोशल वर्करचं मानधन. ती रुग्णाचा मोबाइल नंबर घेऊन थांबत नसे. गावातल्या किराणा दुकानाचा, पुतण्याचा, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत शेजारी उतरलेल्या माणसाचाही नंबर घ्यायची. सहा महिन्यांनी निम्मे मोबाइल बंद होते, किराणा दुकानं चालू होती.

आपल्याकडे मोठी ठरलेली कामं कशी उभी राहिली तेही बघ. १९४५ मध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि बी. सूर्याबाई यांनी कमरेला करकचून बांधलेल्या धोतराच्या रेषेवर होणाऱ्या कॅन्सरवर लिहिलं. समोरच्या माणसाचं धोतर नीट बघण्यातून ते आलं. बार्शीची ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ पासूनची. त्या भागात नोंदीची अशी घडी बसलेली होती, म्हणून १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ५२ गटांमध्ये १ लाख ३१ हजारांवर बायकांचा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा अभ्यास उभा राहू शकला. एचपीव्ही या विषाणूमुळे तो कॅन्सर होतो; त्याच्या एकदाच केलेल्या तपासणीने त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये जगाला समजलं. आणि तुझ्याच विषयातलं घे. गाठ तोंडात, लहान, मानेत हाताला काही लागत नाही. मान आत्ताच साफ करायची, म्हणजे तिथल्या लसिकाग्रंथी काढायच्या, की तिथे गाठ आल्यावर? जगभरचे सर्जन वर्षानुवर्षं यावर भांडत होते. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ पासून रुग्ण घेतले, दहा वर्षांत ५९६. त्यातल्या पहिल्या ५०० जणांचा निकाल २०१५ मध्ये छापला: आधीच मान साफ केलेल्यांतले ८० टक्के तीन वर्षांनी हयात, वाट बघितलेल्यांतले साडेसदुसष्ट. त्यात नवं यंत्र नव्हतं, नवं औषधही नव्हतं. दहा वर्षं माणसं परत परत आली आणि कोणीतरी त्यांची नोंद ठेवली, एवढंच. अर्थात ‘एवढंच’ म्हणायला सोपं आहे.

संमतीपत्राचं मराठी मात्र तू पुन्हा लिही. ‘सदर संशोधनात सहभागी होण्यास माझी ऐच्छिक संमती आहे’ हे भाषांतर आहे, बोलणं नव्हे. एका आजींनी मला कधीकाळी विचारलं होतं, ‘मी थुंकी दिली तर माझं दुखणं लवकर बरं होईल का?’ मी ‘नाही’ म्हटलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, ‘मग नीट सांग की, कोणाच्या उपयोगी पडेल.’ संमतीपत्रात त्या ‘नाही’ला पहिल्या परिच्छेदात जागा दे. नमुना पुढच्या अभ्यासासाठी ठेवणार असशील तर त्याची परवानगी वेगळी घे, त्याच सहीत गुंडाळू नकोस. सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या वैद्यकीय अभ्यासांच्या सरकारी नोंदवहीत, नोंद कर. पैसे पडत नाहीत, आणि तू आधी काय ठरवलं होतंस त्याचा दाखला राहतो.

विभागप्रमुखांशी वेळेचं बोलून घे, तेही लेखी. पाच लाख मिळाले म्हणून रोजचे ब्लॉक कमी होत नाहीत. आठवड्यातली एक दुपार, रिपोर्टिंग नाही, फ्रोझन (ऑपरेशन चालू असतानाची तातडीची तपासणी) नाही, एवढं मेलवर आलं की पुरे. पेपरवर कोणाचं नाव कुठे, हेही आत्ताच बोला. आत्ता फक्त अवघडल्यासारखं होतं, नंतर बोलणंच बंद होतं.

पुढच्या पैशाची घाई नको. आयसीएमआर, एएनआरएफ, इंडिया अलायन्स या संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्थांची दारं आहेतच. नॅशनल कॅन्सर ग्रिड (देशातल्या कॅन्सर इस्पितळांचं जाळं) आणि टाटा मेमोरियल यांची ‘क्रेडो’ नावाची कार्यशाळा असते, आपला कच्चा प्रोटोकॉल घेऊन जायचं आणि आठवडाभर तो लोकांकडून फाडून घ्यायचा. तिथे नक्की अर्ज कर, पण चाळीसांपैकी निदान दहा रुग्ण झाल्यावर.

गुरुवारी दोननंतर माझ्याकडे ये. बजेट आणू नकोस, घरी बसून सुधार. येताना चार रिकाम्या ट्यूबा आण आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावून ठेव. पाच मिली लाळ यायला किती वेळ लागतो, ते आधी आपण दोघी थुंकून बघू.

तुझी,
मॅडम